परक्याचा दर

गावच्या माणसाला एक दर आणि परक्याला दुसरा, अशी माझी होडी चालायची. त्याची लाज मला तेव्हा वाटली नाही आणि आता म्हातारपणीही वाटत नाही. हल्ली कुठल्या तरी देवळात, किल्ल्यावर, बागेत पाहुण्यांकडून जास्त पैसे घेतले की पेपरात बोंब होते. ती बोंब लोक मला वाचून दाखवतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. बघा बापडे.

मी तिसरी शिकलो, तीही दोन वर्षं बसून. तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्यात कोणी व्याकरण शोधू नये. पण होडी मला कळते, आणि होडीत बसणाऱ्याचं तोंड बघून तो कुठला, किती शिकलेला आणि किती चिकट हेही कळतं. जेवढा शिकलेला तेवढा चिकट, असा माझा अनुभव आहे.

आमची वाडी तोंडवलीची. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये वाळूची पट्टी, तिच्यावर माड आणि माडांच्या बुडाशी आम्ही. मालवणच्या बाजाराला जायचं तर खाडी ओलांडून पलीकडे उतरायचं आणि मग पाय चालवायचे. खाडीवर होडी एकच. आधी ती बापाची होती. स्वराज्य आल्यावर चार-पाच वर्षांनी बाप गेला आणि वल्हं माझ्या हातात आलं.

वल्ह्याबरोबर रीतही आली. वाडीतला माणूस होडीत बसला तर त्याने पैसा द्यायचा नाही. भात झोडून झालं की घरटी दोन कुडव भात आमच्या पडवीत आणून ओतायचं. ह्याला आमच्याकडे बैतं म्हणतात. न्हाव्याला मिळतं, सुताराला मिळतं, तसं होडीवाल्याला. ज्याला शेती नाही तो दुसरं काही देई. मासळीवाल्या बायका बाजारातून परतताना टोपलीच्या तळाशी राहिलेले चार बांगडे होडीत टाकून जात. शाळेचे मास्तर घाटावरचे, त्यांचं इथे ना शेत ना जाळं. ते माझी पत्रं लिहीत आणि मुंबईच्या भावाची आलेली वाचून दाखवत, त्यातलं वाईट असेल ते गाळून. एवढी माया करणाऱ्या माणसासमोर उताराच्या पैशांसाठी हात पसरायला मी काय भिकारी होतो?

आणि सगळ्यात मोठं देणं म्हणजे खांदा. मिरगाच्या आधी, अमावास्येच्या उधाणावर, होडी खाडीतून काढून वर मांगरात, झापांच्या छपराखाली, न्यावी लागते. एकदा घाटाकडून लाल पाणी उतरायला लागलं की खाडी होडी शिल्लक ठेवत नाही. बापाने केलेली ती होडी आंब्याच्या लाकडाची, जाड आणि जड, हलवायला वीस माणसं लागायची. त्या दिवशी मी कोणाला बोलावत नसे. बापानेही कधी बोलावलं नव्हतं. भरती पुरी झाली की घरटी एक माणूस आपणहून येऊन उभा. खाली ओंडके घालायचे, हैसो हैसो करत ढकलायचं, आणि होडी मांगरात गेली की घरच्या बाईने नारळ फोडून गूळ-खोबरं वाटायचं. ते तोंडात पडलं की वर्ष पुरं झालं.

आता परक्याचं बघा. तो येणार एकदा, मे महिन्यात. फोंडाघाट उतरून एस.टी.ने नाही तर मुंबईहून आगबोटीने. तो भात देणार नाही, बांगडा देणार नाही, त्याच्या खांद्याला तर नुसती छत्री जड होते. त्याच्याकडून मी दोन आणे घेई. दोन आणे टाकले की पलीकडे उतरताना त्याचा आणि माझा संबंध संपला. तो मेला काय, जगला काय, मला विचारायचं कारण नाही. आता सांगा, कोणाचा दर जास्त होता? वाडीतल्या माणसाने जे दिलं ते परक्याकडून मागितलं असतं तर तो होडीतून उडी मारून पळाला असता.

हे मी लपवून केलं नाही. मालवणच्या बंदरावर काही होडीवाले होते, ते पाहुणा दिसला की समुद्राकडे बघून जीभ चावायचे. "आज पानी बरा नाय हो," असं म्हणायचे आणि तेवढ्यावर आठ आणे वाढवायचे. पाणी ताटातल्या कढीसारखं शांत असलं तरी. असल्या माणसांना मी माझ्या होडीच्या सावलीला उभं केलं नसतं. लबाडी वेगळी आणि दर वेगळा. पाहुण्याने होडीत पाय ठेवण्याआधीच मी सांगायचो, परक्याला दोन आणे. पटलं तर बस, नाही पटलं तर पोह.

आणि ती माणसं तरी काय एकेक! लाटांचा आवाज कानठळ्या बसवतो आहे आणि विचारणार, समुद्र कुठल्या बाजूला? सुकत घातलेली सुंगटं, म्हणजे कोलंबी, दिसली की नाकाला रुमाल, आणि जेवताना त्याच सुंगटांची किसमूर दोनदा मागून घेणार. फुटके शंख गोळा करून रुमालात बांधणार. कोणाच्या तरी कलमाखाली पडलेला आंबा न विचारता उचलणार, आणि माझ्यापाशी येऊन दोन आण्यांवरून हुज्जत. "दीड घ्या हो." अरे, अर्धी खाडी पोहून जाणार आहेस काय?

त्यांच्यातला एक मात्र मला पुरून उरला. पुण्याचे रिटायर साहेब. नवे पैसे तेव्हा नुकतेच रुळले होते, दोन आण्यांचे बारा पैसे झाले होते. साहेब, त्यांची बायको आणि मेहुणी अशी तिघं वाडीतून पलीकडे निघाली होती. होडीत आधीच माझी काकी बसलेली. काकी म्हणजे बापाच्या चुलत भावाची बायको, विधवा, डोक्यावर मासळीची टोपली आणि तोंडात आख्ख्या वाडीचं माप. पलीकडे पोचलो. काकी टोपली उचलून उतरली आणि चालायला लागली. साहेबांनी तेवढं बघितलं.

"त्या बाईंनी पैसे दिले नाहीत."

"देत नाहीत त्या."

"का?"

"वाडीतल्या आहेत."

"म्हणजे आम्ही परके म्हणून आमच्याकडून बारा पैसे? अहो, हा उघड पक्षपात झाला. कायद्यापुढे सगळे सारखे असतात, ऐकलंय का कधी?"

"कायद्यापुढे असाल. माझ्या होडीत नाही."

मेहुणी खुदकन हसली. तीच चूक झाली. मेहुणीसमोर अपमान झालेला माणूस साप डिवचल्यासारखा असतो. साहेबांनी छत्तीस पैसे मोजून फळीवर ठेवले, हातात दिले नाहीत, आणि खिशातून छोटी वही काढून माझं नाव विचारलं. मी सांगितलं. बापाचं विचारलं नव्हतं, तेही सांगितलं.

श्रावणात कचेरीचा शिपाई कागद घेऊन आला. मास्तरांनी तो वाचला, आणि ह्या वेळी त्यांना काही गाळता आलं नाही. एकाच उतारासाठी दोन दर घेतल्याबद्दल हजर व्हा, नाही तर होडीचा परवाना जाईल.

कचेरीत मी शुद्ध बोलायचो. तिथे माका-तुका केलं की लोक खुर्चीत जरा जास्तच मागे टेकून बसतात. कारकून तरणाबांड होता, कानावर टाक. मी त्याला बैतं समजावून सांगितलं, कुडव समजावून सांगितला, खांदाही समजावून सांगितला. त्याने सगळं ऐकून विचारलं, "ह्यातलं कुठं लिहिलेलं आहे का?"

"नाही."

"मग ते धरता येत नाही."

वीस माणसं दरवर्षी चिखलात उभी राहतात ते धरता येत नाही, आणि एका रिटायर माणसाची चिठ्ठी धरता येते. असं ते ज्ञान. हुकूम झाला की सर्वांना सारखा दर, माणशी सहा नवे पैसे, आणि तसं फळीवर लिहून ती धक्क्यावर ठोकायची. कारकून खूश दिसला. परक्याचे सहा कमी केले, गावच्यावर सहा चढवले, झाला न्याय.

फळी फणसाची होती, माझीच. अक्षरं मास्तरांनी काढली, सुरेख. फळी ठोकली त्या दिवशी काकी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"काय लिवलंहा रे?"

"सगळ्यांका सहा पैशे."

"बरा झाला. आता फळी रवांदे थंय आणि तू आपलो पयल्यासारखो चलव. कचेरीतलो कोण हंय बघूक येता?"

सगळ्या वाडीने हेच सांगितलं. मास्तरांनीसुद्धा. शहाणा माणूस असता तर त्याने ऐकलं असतं. पण मला तो सल्ला झोंबला. लिहिलेलं वेगळं आणि चालवायचं वेगळं, म्हणजे मी बंदरावरच्या त्या लबाडांतलाच एक झालो की! आणि खरं सांगायचं तर डोक्यात आणखी एक होतं. मी म्हटलं, वाडीला एकदा खिशात हात घालू दे. दोन दिवसांत सगळे पेटतील, कचेरीवर जातील आणि त्या कारकुनाच्या कानावरचा टाक त्याच्याच हाताने हुकूम खोडील. मी कशाला बोलू? वाडी बोलेल.

नारळी पुनवेनंतर होडी खाली उतरली. पहिल्या दिवशी काकी बसली. पलीकडे उतरताना मी वल्हं आडवं धरलं.

"काकी, सहा पैशे."

"कसले रे?"

"फळयेर लिवलेले."

"माका खंय वाचूक येता?"

"माका येता."

तिने माझ्याकडे बघितलं. मग टोपली खाली ठेवली, कनवटीची गाठ सोडली आणि सहा पैसे होडीतल्या बसायच्या फळीवर ठेवले. हातात नाही, फळीवर. त्या पुण्याच्या साहेबासारखेच. मला तेव्हाच कळायला हवं होतं. संध्याकाळी परत आली तेव्हाही सहा पैसे ठेवले आणि टोपली उचलून गेली. होडीत बांगडा पडला नाही.

मी सगळ्यांकडून घेतले. सुताराकडून, न्हाव्याकडून, मास्तरांकडूनही. मास्तरांनी पैसे दिले आणि म्हणाले, "पत्राचा दर काय ठेवू?" मी म्हटलं, "ठेवा तुम्हाला वाटेल तो." त्यानंतर भावाची पत्रं मी स्वतःच वाचायला लागलो, एकेका ओळीला बोट लावून. वाईट मजकूर खूप असतो पत्रांत, हे तेव्हा कळलं.

आणि कचेरीवर कोणी गेलं नाही. इथे माझा हिशेब फसला. आमच्या माणसांना मी जन्मापासून ओळखतो असं मला वाटायचं. पण कचेरी त्यांच्या दृष्टीने पावसासारखी. पावसावर कोण रागावतं? राग काढायचा तो माणसावर, आणि माणूस मी होतो. कचेरीने फळी लावायला सांगितली, पैसे मागायला हात कोणी पुढे केला? मी.

दिवाळी झाली, भात झोडून झालं. बायको पडवी सारवून बसली. एक घर आलं नाही.

"पडवी बघ कशी लख्ख आसा," ती म्हणाली. "उंदीर पण येवन परत गेलो."

"पैशे येतत मा रोजचे?"

"पैशे शिजवन घालू तुका?"

माघारी फिरायला तेव्हाही वेळ होता. चार घरं फिरून दोन शब्द बोललो असतो तर झालं असतं. पण बोलणारं तोंड वेगळं असतं, देवाने मला ते दिलेलं नाही. मी वल्हं मारत राहिलो. त्या मे महिन्यात परकेही आले. सहा पैशांत उतरून जाताना ते चार पैशांसाठी घासाघीस करत होते, हे इथे नोंदवून ठेवतो.

मग ती अमावास्या आली. भरती पुरी झाली, होडी जितकी वर येईल तितकी आणून मी रेतीला लावली, ओंडके मांडले आणि उभा राहिलो. घाटाकडे आभाळ काळं होतं. पाणी उतरायला लागलं. कोणी आलं नाही. माडांच्या आड माणसं दिसत होती, कोणी जाळं विणत होतं, कोणी नुसतंच बसलं होतं. वाट बघत असावीत मी हाक मारतो का त्याची.

मी हाक मारली नाही. बायकोला म्हटलं, चल, लाव हात. आम्ही दोघांनी खांदा लावला. होडी हलली नाही, माझे पाय मात्र घोट्यापर्यंत रेतीत गेले. पुन्हा लावला. बायको उठून उभी राहिली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुढची मोठी भरती पुनवेची. तोपर्यंत खाडीत काय येतला ता तुका ठावक आसा. आता तरी तोंड उघड." मी तिसऱ्यांदा खांदा लावला. बापाची होडी जाणार हे मला त्या लाकडाला टेकलेल्या खांद्यातून कळत होतं. दुसरी करायची ऐपत नव्हती. हाक मारायचीही नव्हती.

तेव्हा काकी आली. तिच्यामागून हळूहळू बाकीचे. वीसेक माणसं होडीच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली, हात मात्र कोणी लावला नाही.

"होडी ओढूची आसा?" काकीने विचारलं.

"दिसता नाय?"

"दिसता. ओढपाचो दर काय, ता विचारूक इलंय."

मी एक ओंडका पायाने सरळ केला.

"वाडीतल्या माणसाची आसती तर फुकट ओढली आसती," ती बाकीच्यांकडे वळून म्हणाली. "पण ह्यो बैतां घेणा नाय, रोख घेता. म्हणजे ह्यो वाडीतलो न्हय. परको. परक्याचो दर काय रे तुझो? बारा पैशे मा?"

सुतार फिसकन हसला. मग सगळेच हसले. मी सांगतो, त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं.

"बारा," मी म्हटलं. बायकोला सांगितलं, "डबो हाड."

डबा आला. मी एकेकाच्या समोर जाऊन बारा-बारा पैसे हातावर ठेवले, काकीच्याही. मास्तर धोतर खोचून उभे होते, त्यांच्याही. कोणी नको म्हणालं नाही. मग खांदे लागले. हैसो हैसो झालं, ओंडके करकरले आणि होडी मांगरात गेली, दरवर्षी जाते तशी.

बायकोने नारळ आधीच फोडून ठेवला होता. तिला मी सांगितलं नव्हतं. सुपात गूळ-खोबरं घेऊन ती पुढे झाली आणि पहिल्यांदा काकीसमोर सूप धरलं. काकीने मूठ उघडून पैसे दाखवले.

"पैशे गावले मा. मग खोबरा कित्याक?"

बायको सुतारासमोर गेली. त्याने मान हलवली. मास्तरांनी खाली बघितलं. सूप वीस माणसांसमोरून फिरलं आणि भरलेलं परत आलं.

पैसे टाकले की संबंध संपला. हे वाक्य मी परक्यांना आयुष्यभर ऐकवत आलो होतो, आणि ते खरं आहे असंच मला आजही वाटतं. पण ते दुसऱ्या बाजूने ऐकायची पाळी कधी आली नव्हती. होडी गेली असती तर मी सोसलं असतं. ते भरलेलं सूप मला बघवेना.

मी धक्क्यावर गेलो. फळीला चार खिळे होते. हत्यार नव्हतं, म्हणून दगडाने ठोकून, हिसके देऊन काढली. अंगठा फुटला. फळी घेऊन मांगरात आलो आणि होडी कलू नये म्हणून तिच्या बुडाखाली टेकण देतात तिथे ती ठोकून बसवली, अक्षरं चिखलाकडे.   

काकी ते सगळं बघत होती. मग सुपाकडे आली आणि खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा उचलून तोंडात टाकला.

"गूळ कमी घातलंहस गो," ती बायकोला म्हणाली.

मग सगळ्यांनी घेतलं. पैसे मात्र कोणी परत दिले नाहीत. मी मागितलेही नाहीत. परक्याचा दर होता तो, आणि त्या दिवशी मी परका होतो. ठरला दर द्यावा, हुज्जत घालू नये.

पुढल्या दिवाळीला पडवीत भात आलं. फळी कुठे गेली हे बघायला कचेरीतून आजपर्यंत कोणी आलेलं नाही. काकीचं म्हणणं खरं होतं, तेवढं मी तिच्या तोंडावर कबूल केलं नाही.

परके मात्र येतच राहिले, आणि दरवर्षी त्यांच्यातला एक तरी शहाणा मला विचारायचा की त्यांना फुकट आणि आम्हाला बारा पैसे का? मी भांडणं सोडली होती. मी त्याला सांगायचो, "अगदी बरोबर बोललात. तुम्हीही फुकट बसा. फक्त मिरगाच्या आधीच्या अमावास्येला या, भरती पुरी झाली की ह्या होडीला खांदा लावा, आणि मग जन्मभर फुकट."

मान डोलवायचे. कोणी वहीत लिहूनही घेतलं.

एकही आला नाही.